तळटीपा सोडून

चारुताच्या प्रबंधाचा अहवाल मंगळवारी दुपारी माझ्या टेबलावर आला. एकसष्ट टक्के मजकूर दुसऱ्यांचा. आमच्या नियमात साठच्या वर गेलं की सरळ पीएचडीची नोंदणी रद्द होते; दुरुस्त करून पुन्हा द्यायचीही सोय राहत नाही. मी आकडा पाहिला, चहा मागवला आणि तो प्यायले. चहात साखर जास्त होती एवढं मला कळलं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं काहीसं त्या दिवसापासून मला झालं होतं.

मी डॉ. स्नेहलता लघाटे. झाशीतल्या एका विधी संस्थेत चौतीस वर्षं शिकवते आहे आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. आमचं घराणं इथे कारकुनी करायला आलं त्याला अडीचशे वर्षं झाली. आम्ही अजून कारकुनीच करतो, दरबार तेवढा बदलला. दिव्यांगांचे हक्क हा माझा विषय. पोटापाण्याचाही आणि भांडणाचाही. बिजौलीच्या एका कारखान्यात हाताचा पंजा गेलेल्या कामगाराला मालकाने घरी बसवलं होतं, त्याला मी परत कामावर घ्यायला लावलं. एका तहसिलीत अपंगत्वाचा दाखला पहिल्या मजल्यावर मिळायचा. जो जिना चढून येऊ शकतो त्याला दाखला कशाला लागेल, हे तिथल्या बाबूला पटवायला मला चौदा महिने लागले. वर्गात पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगते, उपकार देणाऱ्याला परत घेता येतो, हक्क घेता येत नाही. हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी इतकं बसलंय की आता मलाच ते ऐकून कंटाळा येतो.

शिवाय गेली सहा वर्षं मी शैक्षणिक सचोटी समितीची अध्यक्ष आहे. म्हणजे चोऱ्या पकडते. एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या प्रबंधातून आभाराचं पानसुद्धा जसंच्या तसं उचललं होतं, त्यात दुसऱ्याच्या आईचे आभार मानलेले. त्यांची नोंदणी रद्द करताना माझा हात जराही अडखळला नव्हता. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

चारुता ही माझ्या ओळखीतल्या सिंधूची मुलगी. सिंधूचा नवरा श्रीकृष्ण रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता, भुसावळकडून बदलून आलेला. आमची जुनी मराठी घरं रेल्वेवाल्यांना हातभर लांबच ठेवायची. गणपतीत आरतीला आवाज कमी पडला की मात्र त्यांची आठवण व्हायची. पाच वर्षांची असताना तापात चारुताची नजर गेली. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा सिंधू तिला घेऊन माझ्या घरी आली. "ताई, हिला वकिली शिकायची आहे. कॉलेजवाले घेतात म्हणे, पण पुस्तकं कोण वाचून दाखवणार?"

"मी," मी म्हटलं. असं चटकन बोलून जायची मला खोड आहे.

मग रोज तीन ते पाच, माझ्या जेवणाच्या टेबलाशी, मी वाचायची आणि चारुता ऐकायची. मध्ये छोटं रेकॉर्डर ठेवलेलं असे, पुढे मोबाइल आला. सगळ्यात मोठं पुस्तक होतं एका दिवंगत प्राध्यापकांचं, दिव्यांग कायद्यावरचं, इंग्रजी, सहाशे पानांचं. तेव्हाच ते बाजारात मिळेनासं झालं होतं. त्या माणसाला तळटीपांचा भारी सोस. अर्धं पान वर मजकूर आणि अर्धं पान खाली बारीक अक्षर: हे वाक्य अमुक निकालातलं, हा विचार तमुक लेखकाचा, पाहा खंड इतका, पान तितकं. दुसऱ्याच आठवड्यात माझा घसा बसला. तेव्हा मी ठरवलं की तळटीपा सोडून वाचायचं. परीक्षेत तळटीप कुणी विचारत नाही. आणि वाचता वाचता जिथे अवघड वाटेल तिथे मी थांबून माझ्या शब्दांत समजावून सांगत असे, तेही रेकॉर्ड होई. लेखकाचं कुठलं, लेखकाने दुसऱ्याचं घेतलेलं कुठलं आणि माझं कुठलं, हे त्या आवाजात कुठेच वेगळं नव्हतं. सगळा आवाज माझाच होता.

चारुता पहिली आली. मग गरौठ्याहून एक मुलगा आला, समथरहून दोन बहिणी आल्या, आणि बघता बघता त्या रेकॉर्डिंगवर त्रेचाळीस दृष्टिहीन मुलं कायदा शिकली. संस्थेने त्याला 'ध्वनिग्रंथालय' असं नाव दिलं, दारावर माझ्या नावाची पाटी लावली. लखनऊला मला शाल-श्रीफळ मिळालं. माझं ते जुनं रेकॉर्डर काचेच्या पेटीत ठेवलंय, जसं काही मी मेलेच आहे.

बुधवारी मी आमच्या ग्रंथपाल शिल्पाकडे गेले आणि चारुताचा प्रबंध उघडायला सांगितला. जुळलेला मजकूर संगणक लाल करून दाखवतो. पानंच्या पानं लाल होती. शिल्पा म्हणाली, "मॅडम, ते जुनं पुस्तक गेल्या वर्षी कुणीतरी ऑनलाइन टाकलं. सगळं तिथूनच जुळतंय." मी पहिला लाल परिच्छेद हळू आवाजात वाचला. दोन ओळी वाचल्या आणि मला माझाच आवाज ऐकू आला, पंखा घरघरत असलेल्या दुपारचा. 'आता हे नीट लक्षात ठेव' असं मी मध्येच चारुताला म्हणायची, तेसुद्धा तिथे होतं. प्रबंधाच्या इंग्रजीत 'हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे' अशा अर्थाचं होऊन.

तिने चोरी केलेली नव्हती. चौदा वर्षं कानांत राहिलेली वाक्यं तिला स्वतःची वाटली, किंवा माझी वाटली. प्रस्तावनेत तिने सरळ लिहिलं होतं, 'यातील विचार मला माझ्या गुरूंच्या मुखातून मिळाले.' ती जिचे आभार मानत होती ती मी होते, आणि ज्यांचे मानायला हवे होते त्यांची नावं मी तिच्यापर्यंत पोचूच दिली नव्हती. शिल्पाने विचारलं, "मॅडम, पाणी देऊ?" मी म्हटलं, कशाला? मला खरंच काही होत नव्हतं.

शुक्रवारी सुनावणी झाली. मी त्या समितीत बसायलाच नको होतं. मुलगी माझ्या ओळखीची, रेकॉर्डिंग माझं. कुणी विद्यार्थ्याने परीक्षेत असं उदाहरण दिलं असतं तर 'अध्यक्षांनी बाजूला व्हावे' एवढ्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले असते. पण बाजूला व्हायचं तर कारण सांगावं लागतं. म्हणून मी बसले. आम्ही तिघं होतो: संस्थेचे प्रमुख निदेशक साहेब, शिल्पा आणि मी. चारुता काठी टेकत आली आणि खुर्ची चाचपून ताठ बसली.

निदेशक साहेब मऊ आवाजात म्हणाले, "चारुता जी, इतना सारा आपने कहाँ से लिया?"

"सर, मैंने लिया नहीं। जो सुनकर सीखा, वही लिखा है। चौदह साल से सुन रही हूँ।"

"किससे सुना?"

चारुताने चेहरा माझ्याकडे वळवला. मी कुठे बसले आहे हे तिला नेहमीच कळतं. तिने नाव घेतलं नाही. "ध्वनिग्रंथालय से, सर," एवढंच म्हणाली आणि थांबली. ती माझ्यासाठी थांबली होती. खोलीत ते फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बोलायचं होतं ते जिभेच्या टोकावर वगैरे काही आलं नाही. आत सगळं सपाट होतं.

चारुताला बाहेर बसवल्यावर निदेशक साहेबांनी फाइल मिटली. "बच्ची है। देख नहीं सकती। मानवीय आधार पर निपटा देते हैं। आप तो इन लोगों के लिए इतना करती हैं मैडम, आपको क्या आपत्ति होगी?"

बच्ची बत्तीस वर्षांची आहे. मला हरकत नव्हती. आदेश मीच लिहिला, कारण समितीत मसुदा नेहमी मीच लिहिते. 'उमेदवार दृष्टिहीन असल्याने, प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, मानवीय आधारावर दंडात्मक कारवाई न करता प्रबंध दुरुस्तीस परवानगी देण्यात येत आहे.' असं वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याला कोर्टात खेचलं असतं. मी खाली सही केली, तारीख घातली आणि घरी येऊन खिचडी टाकली. प्रबंध वाचला, नोंदणी वाचली, पाटी वाचली. रात्री झोपही चांगली लागली, हे सांगायला लाज वाटते पण ते खरं आहे.

रविवारी सकाळी चारुता ई-रिक्षाने एकटीच माझ्या घरी आली. घरात ती मला मावशी म्हणते आणि संस्थेत मॅम. त्या दिवशी दारातून "मावशी" अशी हाक आली तेव्हा मला बरं वाटलं. वाटायला नको होतं. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली, काठी मिटून मांडीवर ठेवली.

"आदेश ऐकला मी. शिल्पाजींनी मेल केला."

"मग झालं तर. सुटलीस बाई एकदाची."

"सुटले कुठे, मावशी? सोडून दिलं मला. मी काही केलंच नाही तर माफी कशाची?"

"माफी असं कुठे लिहिलंय?"

"तुम्हीच तर शिकवलं, आदेशात जे लिहिलेलं नसतं ते पण वाचायचं." ती शांतपणे बोलत होती. "उद्या कुठे इंटरव्ह्यूला गेले तर फाइल उघडतील. त्यात काय निघेल? हिने चोरी केली, पण बिचारी आंधळी आहे, म्हणून जाऊ दिलं. आयुष्यभर हे गळ्यात अडकवून फिरू का मी?"

मी चहा ठेवायला उठले, तर म्हणाली, "बसा ना. चहा नको. मी अपील करतेय."

"कशावर?"

"एकच मुद्दा आहे. दिसणाऱ्या मुलांना संस्थेने पूर्ण पुस्तक दिलं, मला अपुरं दिलं. कुणाचं काय आहे हे त्यांना पानावर दिसत होतं, मला ते ऐकवलंच नाही. चूक पुस्तक देणाऱ्याची आहे, माझी नाही. मला प्रबंध दुरुस्त करायचाच आहे, पण हक्काने करायचाय, सहानुभूतीने नाही."

मुद्दा बिनतोड होता. माझ्या वर्गात मी तिला उभं करून बाकीच्यांना म्हटलं असतं, बघा, असं मांडतात. मी त्याऐवजी म्हटलं, "आणि अपील हरलीस तर? हा आदेश रद्द होईल, मूळ नियम लागू होईल. नोंदणी जाईल. सहा वर्षं पाण्यात जातील, चारू."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही लिहून द्याल तर नाही हरणार. काय सोडलं, कधीपासून सोडलं, का सोडलं."

"बाकीच्या बेचाळीस जणांचं काय? उद्या त्यांच्या पदव्यांवर बोट ठेवतील लोक."

"त्यांना पण पूर्ण पुस्तक मिळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "त्यांच्या नावामागे नका लपू, मावशी."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मला राग यायला हवा होता. आला असता तर बरंच झालं असतं. दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. "तुझी आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"आई म्हणाली, ताईंना त्रास देऊ नकोस, त्यांनी तुझं आयुष्य बनवलं. खरं आहे ते. आईचं मी सगळं ऐकते, हे नाही ऐकलं." तिने काठीच्या दोरीला बोटाभोवती एक वेढा दिला. "तुम्ही नाही लिहून दिलं तरी मी अपील करीन. रेकॉर्डिंग आणि पुस्तक दोन्ही समोर ठेवीन, ओळीला ओळ लावून. मग तुम्हाला साक्षीला बोलवावं लागेल. प्रश्न मीच विचारीन. उलटतपासणी तुमच्याकडूनच शिकलेय."

धमकी नव्हती ती. उद्या बाजार बंद असेल असं कुणी सांगावं तसं तिने सांगितलं. मी टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला.

लिहायला वेळ लागला नाही. असल्या निवेदनांचा साचा माझ्या हातातच आहे. पहिल्या मुद्द्यात मी कोण ते लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं की संस्थेच्या ध्वनिग्रंथालयातील रेकॉर्डिंग माझ्या आवाजातलं आहे आणि त्यात एकाही पुस्तकाची तळटीप वाचलेली नाही. तिसऱ्यात लिहिलं की हे वेळ वाचवण्यासाठी मी स्वतः ठरवून केलं, ऐकणाऱ्यांना त्याची पूर्वसूचना कुठेही दिली नाही, आणि माझी मधली टिप्पणीही वेगळी ओळखू येईल अशी ठेवली नाही. चौथ्यात लिहिलं की समितीत बसून मी हे दडवलं, आदेशाचा मसुदा माझाच आहे आणि तो बेकायदेशीर आहे. दारावरची पाटी, जूनमधला सत्कार, मागची चौतीस वर्षं, हे सगळं त्या दीड पानावर जाणार हे मला दिसत होतं. दिसत होतं, एवढंच. बोटं चालत राहिली.

झाल्यावर मी सवयीने चष्मा वर केला, घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मी, डॉक्टर स्नेहलता..."

"नका वाचू, मावशी," चारुता म्हणाली. "मेल करा. फोन वाचेल."

ते मला लागलं. पाच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आत शिरलं आणि थेट छातीत लागलं. त्या टेबलाशी चौदा वर्षं मी तिच्यासाठी वाचत आले होते, आणि आता तिला माझ्या आवाजाची खात्री उरली नव्हती. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं. मी मेल पाठवला.

तिने फोन कानाजवळ धरला. तिच्या फोनमधली बाई इतक्या भरभर वाचते की मला एक शब्द कळत नाही. पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा नुसता आवाज. माझाच कबुलीजबाब माझ्याच घरात चालला होता आणि मला त्यातलं काही समजत नव्हतं. चारुता मान कलती करून ऐकत होती. एकदा तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग फोन बंद केला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण एक राहिलं."

"काय राहिलं?"

"मी विचारलं होतं तुम्हाला."

मी लॅपटॉप जरा मागे सरकवला.

"सेकंड इयरला. वर्गातल्या मुली बोलत होत्या की पानाच्या खाली बारीक अक्षरात पण काही असतं. मी घरी येऊन तुम्हाला विचारलं, मावशी, तुम्ही ते वाचता ना? आठवतं?"

आठवत होतं. मंगळवारपासून दुसरं काहीच आठवत नव्हतं. ती ऐकत होती ते निवेदन सोडा, इथे वरतीही मी ते लिहिलेलं नाही. घसा बसला, परीक्षेत विचारत नाहीत, असं सगळं लिहिलं आणि ते बरोबर गाळलं. ती एकोणीस वर्षांची होती. कूलर चालू होता आणि मी थकले होते. मी म्हटलं होतं, "तुला काय करायचंय त्याच्याशी? तुझ्यापुरतं आहे हे पुष्कळ." तिने मान हलवली होती आणि पुन्हा कधी विचारलं नाही. बाबूंना, कारखानदारांना, न्यायाधीशांना मी जन्मभर सांगत आले की या माणसांना किती पुरेल हे तुम्ही ठरवू नका. आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी ते मी ठरवलं, समोर बसलेल्या मुलीने विचारलेलं असताना.

"लिहिते," मी म्हटलं. माझा आवाज फाटला आणि तो तिने ऐकला असणार.

पाचवा मुद्दा एकाच वाक्याचा झाला. 'चारुताने मला तळटीपांबद्दल थेट विचारले होते, आणि तुझ्यापुरते एवढे पुष्कळ आहे असे उत्तर मी तिला दिले.' तो मी चारदा पुसला आणि चारदा लिहिला. मग पुन्हा मेल पाठवला. तिने फोन परत कानाजवळ नेला, या वेळी आवाजाचा वेग खूप कमी केला, आणि मला एक-एक शब्द नीट ऐकू येऊ लागला.